नव्या मंदिराच्या समर्पणाला उपकारस्तुती कशी करावी?

प्रश्न: सोलापुरात आमची साठेक कुटुंबांची लुथरन ख्रिस्ती मंडळी आहे. पंचवीस वर्षं आम्ही भाड्याच्या हॉलमध्ये उपासना केली. नऊ वर्षं रखडतरखडत बांधकाम झालं आणि आता स्वतःचं मंदिर उभं राहिलं आहे. नोव्हेंबरात समर्पण आहे. कमिटीनं केलेल्या पत्रिकेत सतरा सत्कार आहेत आणि उपकारस्तुतीला दहा मिनिटं. मंडळीतल्या ज्या वडीलधाऱ्यांनी हे काम सुरू केलं ते दोन वर्षांपूर्वी प्रभूकडे गेले. थोडं कर्ज बाकी आहे, काही मनंही दुखावलेली आहेत. दार कोणाच्या हस्ते उघडायचं यावरही दोन मतं आहेत. अशा वेळी देवाची उपकारस्तुती नेमकी कशी करायची? – मंडळीच्या चिटणीस

उत्तर:

ताई, सलाम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं, सोबतची पत्रिकाही पाहिली. आधी मंडळीचं मनापासून अभिनंदन. शनिवारी रात्री दुसऱ्याच्या लग्नाच्या अक्षता झाडून रविवारी सकाळी त्याच हॉलमध्ये वेदी मांडायची, हे पंचवीस वर्षं करणं सोपं नाही. मी पाळकपणातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. त्याआधीच्या चौतीस वर्षांत लहानमोठ्या नऊ मंदिरांच्या समर्पणाला हजर होतो, त्यांतल्या चार ठिकाणी विधी माझ्याकडे होता. त्या जोरावर सांगतो.

आपल्या बोलण्यात दोन शब्द आहेत आणि समर्पणाच्या दिवशी त्यांची हमखास गल्लत होते. एक आभारप्रदर्शन, दुसरा उपकारस्तुती. आभारप्रदर्शन माणसांचं असतं आणि ते कार्यक्रमाच्या शेवटी येतं, मागच्या रांगेतले लोक चपला शोधायला लागले की. उपकारस्तुती देवाची. आपल्या जुन्या मंडळींनी शब्द किती नेमका निवडला आहे पाहा: आधी उपकार, मग स्तुती. काय काय उपकार झाले ते आठवायचे, मोजायचे, नाव घेऊन बोलायचे, आणि मग स्तुतीसाठी तोंड उघडायचं. उपकार न आठवता नुसती स्तुती केली तर ती दहा मिनिटांतच संपते. तुमच्या कमिटीनं दहा मिनिटं ठेवली त्याचं कारण मला हेच वाटतं. कोणाच्या मनात खोट नाही, पण सांगायचं काय, हे अजून कोणी बसून काढलेलं नाही.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. जिल्ह्यातल्याच एका गावी समर्पण होतं. सकाळी दहाची वेळ. पाहुणे साडेअकराला आले. मग तेवीस सत्कार झाले, प्रत्येकाला शाल, हार, फोटो. संदेशासाठी सात मिनिटं उरली. तोवर मांडवात भात निवायला लागला होता. कमिटीतले एक जण माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘प्रभुभोजन पुढच्या रविवारी घेऊ.’ मी मान हलवली. ती मान हलवायला नको होती. संध्याकाळी सगळे पांगल्यावर विड्या वळणारी एक म्हातारी बाई माझ्याजवळ आली. मला म्हणाली, ‘पाळकसाहेब, समद्यांचं नाव घेतलं. ज्याचं घर त्याचंच ऱ्हायलं की वो.’ रागानं नाही, काळजीनं म्हणाली. जेवणानंतर एखाद्या पाहुण्याला पान द्यायचं राहून जावं, तशी. त्यानंतरच्या प्रत्येक समर्पणाआधी मी कमिटीसमोर तिचं वाक्य ठेवत आलो आहे, आज तुमच्यासमोर ठेवतो.

आता लुथरन परंपरेत मंदिर समर्पण म्हणजे काय, ते पाहू, कारण उपकारस्तुतीचा आकार त्यातूनच ठरतो. ज्याच्या नावानं आपली परंपरा ओळखली जाते त्या मार्टिन लुथरनं, सोळाव्या शतकातल्या जर्मन धर्मसुधारकानं, स्वतः एका नव्या मंदिराचं समर्पण केलं होतं. जर्मनीतल्या टोरगाव इथं, राजवाड्यातल्या प्रार्थनामंदिराचं, ५ ऑक्टोबर १५४४ रोजी. धर्मसुधारणेच्या शिकवणीप्रमाणे उपासना व्हावी म्हणून मुद्दाम बांधलेल्या अगदी पहिल्या मंदिरांत त्याची गणना होते. व्यासपीठ लांब भिंतीच्या मधोमध, म्हणजे वचन सगळ्यांना ऐकू जावं. लुथर तेव्हा साठी ओलांडलेला होता, पुढे दीड वर्षही जगला नाही. त्या दिवशी त्यानं तेल लावलं नाही, धूप फिरवला नाही. लोकांना त्यानं सांगितलं त्याचा भावार्थ असा: पाणी शिंपडायची कुंचली आणि धूपदान तुम्हीही माझ्याबरोबर हातात धरा. आणि ही कुंचली, हे धूपदान म्हणजे देवाचं वचन आणि प्रार्थना. या घरात दुसरं काही घडू नये, आपल्या प्रभूनं आपल्या पवित्र वचनानं आपल्याशी बोलावं आणि आपण प्रार्थनेनं व स्तुतिगीतांनी त्याला उत्तर द्यावं, एवढंच.

हे शेवटचं पुन्हा वाचा. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. आधी देव बोलतो, मग आपण उत्तर देतो. उपकारस्तुती हे उत्तर आहे. म्हणून ती संदेशाच्या आधी उरकता येत नाही आणि संदेश कापून लांबवताही येत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल सांगतो की देवानं निर्माण केलेलं सारं चांगलं आहे, उपकारस्तुती करून घेतलं तर त्यातलं काही टाकाऊ नाही, कारण ते देवाच्या वचनानं आणि प्रार्थनेनं पवित्र होतं. विटा, सिमेंट, फरशी, पंखे, सगळं त्यात आलं. तुमच्या कमिटीतल्या एकांनी दारांना तेल लावावं का, असं विचारलंय. लावलं म्हणून पाप नाही, पण पवित्रता त्यानं येत नाही. ज्या घरात शुभवर्तमान सांगितलं जातं, बाप्तिस्मा होतो, प्रभूचं शरीर व रक्त वाटलं जातं, ते घर त्या कामानंच पवित्र होत जातं. लुथरनं त्याच संदेशात असंही म्हटलं आहे की इथं जमणं शक्य नसेल तर बाहेर कारंज्यापाशीही वचन सांगता येईल. तुमचा लग्नाचा हॉल पंचवीस वर्षं ते कारंजंच होता.

आणि त्या रविवारचा शास्त्रपाठ कोणता होता? लूक १४, पहिल्या अकरा ओवी. प्रभूला एका परूशाच्या घरी जेवायला बोलावलं आहे, पाहुणे पुढच्या जागा धरताहेत आणि तो म्हणतो, जाऊन शेवटच्या जागेवर बस. समर्पणाच्या पुढच्या रांगेतल्या खुर्च्यांवर कोणाच्या नावाच्या चिठ्ठ्या लावायच्या यावर तुमच्याकडे दोन बैठका झाल्या, असं तुम्ही लिहिलंय. तिसरी बैठक घ्या आणि तिथं हा उतारा नुसता मोठ्यानं वाचा. भाष्याची गरज पडणार नाही.

आता उपकार मोजायचं काम. हे समर्पणाच्या महिनाभर आधी सुरू करा. मंडळीतल्या जुन्या लोकांना दोन-तीन संध्याकाळी एकत्र बसवा, जमाखर्चाच्या वह्या समोर ठेवा आणि शब्बाथशाळेतल्या दोन मोठ्या मुलांना लिहायला बसवा. विचारायचं एवढंच: या घरासाठी देवानं काय काय दिलं? पहिल्या संध्याकाळी लोक ‘देवानं कृपा केली, देवानं सांभाळलं’ असं म्हणतील. लिहून घ्या, पण तिथं थांबू नका. कधी? कोणाच्या हातून? त्या दिवशी काय झालं? असं विचारत राहा.

एका मंडळीत आम्ही असंच बसलो होतो. त्यांचा स्लॅब एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पडला होता. सोलापूरचा एप्रिल तुम्हाला सांगायला नको. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवून ठेवायचं, नाहीतर तडे जातात, आणि नळाला पाणी येणार चार दिवसांनी. टँकरला पैसे नव्हते. कोणीतरी सांगितलं की गल्लीतल्या बायकांनी आपापल्या घरच्या पिंपांतून कळशीकळशी पाणी दिलं. त्यांत मंडळीच्या बाहेरच्या घरांतल्याही होत्या. बारा दिवस. शिडी लाकडी, वर लोखंड तापलेलं. एक मुलगी तेव्हा नववीत होती, ती म्हणाली, ‘मी वर पाणी ओतायचे तेव्हा वाफ यायची, चुर्र आवाज व्हायचा.’ वहीत या पाण्याची नोंद नव्हती, कारण त्याचं बिल नव्हतं. समर्पणाच्या दिवशी उपकारस्तुतीत हे वाचलं गेलं: ‘स्लॅबवर बारा दिवस पाणी मिळालं, त्याबद्दल, हे प्रभू, आम्ही तुझी उपकारस्तुती करतो.’ मंडळीनं ‘आमेन’ म्हटलं तेव्हा सगळ्यांच्या नजरा वर छताकडे गेल्या. मी तो क्षण विसरलेलो नाही.

लुथरच्या लहान प्रश्नोत्तरीत विश्वासांगीकाराच्या पहिल्या भागाचं जे स्पष्टीकरण आहे ते आपण सगळ्यांनी पाठ केलेलं आहे, पण त्याची रचना पाहा. देवानं मला निर्माण केलं एवढं म्हणून तो पुढे जात नाही. डोळे, कान, सगळे अवयव, अन्नवस्त्र, घरदार, बायकामुलं, शेतीवाडी, गुरंढोरं असं एकेक मोजतो. मग सांगतो की हे सगळं निव्वळ पित्याच्या दयेनं, माझी काहीही योग्यता नसताना. आणि मगच येतं: म्हणून त्याचे उपकार मानणं, स्तुती, सेवा आणि आज्ञापालन हे माझं कर्तव्य आहे. १५२९ साली घराघरांतल्या आईबापांनी मुलांना शिकवावं म्हणून लिहिलेली ही ओळ तुमच्या उपकारस्तुतीचा सांगाडा म्हणून जशीच्या तशी वापरता येते. मोजणं, दया मान्य करणं, मग ‘म्हणून’. माझा आग्रह मधल्या पायरीसाठी आहे, कारण ती गाळली की उपकारस्तुती हळूच आपल्या कर्तबगारीचा अहवाल होते. ‘देवाच्या कृपेनं आम्ही पंचेचाळीस लाख उभे केले’ या वाक्यात देवाचं नाव पहिलं आहे, पण क्रियापद आपलं आहे.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण पहिला इतिहास, अध्याय २९ मध्ये आहे. यरुशलेमच्या मंदिरासाठी सोनं, रुपं, लाकूड, दगड जमा झाल्यावर दावीद राजा प्रार्थना करतो. मी कोण, माझे लोक कोण, की आम्हाला असं मनापासून देता यावं? सगळं तुझ्यापासूनच येतं आणि तुझ्याच हातचं आम्ही तुला दिलं. पुढच्याच ओवीत तो म्हणतो की पृथ्वीवरचे आमचे दिवस सावलीसारखे आहेत. ताई, एक गोष्ट लक्षात घ्या. मंदिराबद्दलची ही उपकारस्तुती ज्यानं केली त्यानं ते मंदिर पाहिलं नाही. त्याच्या हयातीत पायाही घातला गेला नाही. त्याला ते ठाऊक होतं, तरी त्यानं स्तुती पुढच्या पिढीवर सोडली नाही.

तुमच्या मंडळीतले ते दिवंगत वडीलधारे या रांगेतले आहेत. त्यांच्या घरच्यांना वाईट वाटतंय की ‘ज्यांनी सुरुवात केली ते नाहीत आणि बाकीचे हार घालून घेणार.’ त्यांचं दुःख खरं आहे. भिंतीवर मोठा फोटो लावून ते मिटणार नाही. पहिला इतिहास २९ मधली दाविदाची प्रार्थना समर्पणाच्या उपासनेत त्यांच्या घरातल्या एखाद्यानं वाचावी, असं मी सुचवेन. वाचण्यापूर्वी पाळकांनी त्यांचं नाव घेऊन, या सेवकाबद्दल देवाची उपकारस्तुती करावी. त्यांच्याबद्दल, पण देवाची. हा फरक घरच्यांना कळतो, मी पाहिलंय.

भारतात आलेल्या पहिल्या लुथरन मिशनऱ्यांपैकी एक, बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग, याचंही असंच झालं. १७०६ च्या जुलैत तो तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडीला उतरला. १७१५ मध्ये तमिळ नवा करार तिथंच छापून झाला. तिथलं मोठं मंदिर, न्यू जेरुसलेम, ११ ऑक्टोबर १७१८ रोजी समर्पित झालं आणि २३ फेब्रुवारी १७१९ ला तो वारला. जेमतेम साडेचार महिने त्याला त्या घरात उपासना करायला मिळाली. तिथंच त्याला पुरलं. तीनशे वर्षं होऊन गेली, ते मंदिर अजून उभं आहे.

दुःख आणि उपकारस्तुती एकाच उपासनेत बसतात का, असं तुम्ही अडखळत विचारलंय. बसतात. ‘आता सर्व देवाचे उपकार माना’ या अर्थाचं जे जर्मन स्तुतिगीत जगभरच्या लुथरन मंडळ्या समर्पणाला गातात, त्याचा कर्ता मार्टिन रिंकार्ट हा आयलेनबुर्ग गावचा पाळक. तीस वर्षांचं युद्ध चाललेलं, त्यात १६३७ मध्ये तिथं भयंकर साथ आली. त्या एका वर्षात त्याला चार हजारांहून जास्त लोकांना मूठमाती द्यावी लागली, त्यांत त्याची बायकोही होती. असा माणूस जेव्हा उपकार माना म्हणतो तेव्हा ते ऐकावं लागतं. तुमच्या मंडळीत कोविडमध्ये चार घरं दुखावली. ती नावं मध्यस्थीच्या प्रार्थनेत घ्या, त्यांच्यासाठी रडू आलं तर येऊ द्या.

एज्राच्या तिसऱ्या अध्यायात दुसऱ्या मंदिराचा पाया घालतात तेव्हा पहिलं मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्यानं रडतात, बाकीचे आनंदानं ओरडतात, आणि रडण्याचा आवाज कोणता, आनंदाचा कोणता, ते लोकांना ओळखता येत नाही. तुमच्या जुन्या हॉलमधून निघताना हेच होणार आहे. तिथं मुलांचे बाप्तिस्मे झाले, तिथून प्रेतं उचलली. म्हणून समर्पणाची सुरुवात जुन्या जागी करा. तिथं एक लहान प्रार्थना, हॉलच्या मालकांचे आभार, आणि मग मिरवणूक: पुढे क्रूस, मग पवित्र शास्त्र, प्रभुभोजनाचा प्याला व ताट, बाप्तिस्म्याचं भांडं. तुमच्याकडचं ते जुनं टेबल, मागाच्या मोडक्या लाकडातून एका यंत्रमाग कामगारानं बनवलेलं, जे तुम्ही वेदी म्हणून वापरलंत, ते नव्या संगमरवरी वेदीमुळे अडगळीत टाकू नका. चार जणांनी उचलून आणा. दानाच्या थैल्या ठेवायला, नाहीतर बाप्तिस्म्याचं भांडं ठेवायला ते कायमचं कामी येईल.

मनं दुखावली आहेत, हे तुम्ही एका ओळीत लिहिलंय, पण माझ्या मते तुमच्या पत्रातली सर्वांत वजनदार ओळ तीच आहे. नऊ वर्षं बांधकाम चाललं म्हणजे हिशेबावरून, ठेकेदारावरून, जागेवरून शब्द गेलेच असणार. आपल्या उपासनेत पापकबुली पहिली येते, उपकारस्तुती नंतर, आणि तो क्रम उगाच नाही. क्षमा हाच पहिला उपकार आहे. बाकीचे मोजायला तिथूनच धीर येतो. समर्पणाच्या आदल्या संध्याकाळी फक्त मंडळीची, पाहुण्यांशिवाय, एक साधी उपासना ठेवा. स्तोत्र ५१, कबुली, क्षमेचं वचन. मत्तय ५ मध्ये प्रभू सांगतो, वेदीजवळ दान आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात काही आहे असं आठवलं तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. हे मंदिरच तुमचं दान आहे. ज्यांनी येणं सोडलंय त्यांच्या घरी पंचांनी जोडीनं जावं. पत्रिका द्यायला म्हणून जाऊ नये. भेटायला जावं, पत्रिका निघताना द्यावी.

आता दिवसाचा क्रम. वेदीवर लाल वस्त्र घाला. समर्पणाला लाल चालतं, सुधारणादिनाला घालतो तेच. दाराशी स्तोत्र २४ आळीपाळीनं म्हणा, वेशींनो आपली मस्तकं उंच करा, तो भाग. आत गेल्यावर पहिले शब्द पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं. मग बाप्तिस्म्याच्या भांड्यापाशी, व्यासपीठापाशी आणि वेदीपाशी एकेक शास्त्रपाठ आणि एकेक लहान प्रार्थना. ते मंदिर बांधणाऱ्या दाविदाच्या मुलाची, शलमोनाची प्रार्थना, पहिले राजे अध्याय ८, अवश्य वाचा. आकाश आणि आकाशांचं आकाश तुला सामावून घेऊ शकत नाही, मग मी बांधलेलं हे घर कसं पुरेल, हे २७ वं वचन नव्या घरात ऐकलं की छाती योग्य मापाची राहते. शुभवर्तमान जक्कयाचं, लूक १९: आज या घराला तारण प्राप्त झालं. मंदिर समर्पणासाठी हा पाठ फार जुन्या काळापासून ठरलेला आहे. संदेश वीस मिनिटं तरी हवा. मग विश्वासांगीकार, मग मोजलेल्या उपकारांची उपकारस्तुती, प्रत्येक तीन-चार उपकारांनंतर मंडळीचा प्रतिसाद. ती यादी पाळकांनी एकट्यानं वाचू नये. विडी कामगार बाईनं एक भाग, कॉलेजच्या मुलानं एक, शब्बाथशाळेच्या मुलीनं एक. मग प्रभुभोजन. ते पुढच्या रविवारी ढकलू नका. उपकारस्तुतीचं ताट तेच आहे.

भाषेचं म्हणाल तर तुमच्याकडे जुनी पिढी तेलुगू, मधली दोन्ही, मुलं मराठी, आणि अक्कलकोटकडची काही घरं कानडी. हेयर नावाचा लुथरन मिशनरी १८४२ मध्ये गुंटूरला आला आणि तिथून जी तेलुगू मंडळी वाढली, तुमच्या कितीतरी आजीआजोबांचा विश्वास तिथला आहे. मागावर पोट भरायला ते इथं आले आणि विश्वास पेटीत घालून आणला, हाही एक उपकार, यादीत घ्या. पण प्रत्येक वाक्याचं भाषांतर करत बसू नका, उपासनेचा श्वास तुटतो. उपासना मराठीत ठेवा, स्तोत्र १०० तिन्ही भाषांत वाचा, प्रभूची प्रार्थना ज्यानं त्यानं आपल्या भाषेत एकदमच म्हणावी, आणि प्रभुभोजनाच्या वेळी एक जुनं तेलुगू गीत पूर्ण गाऊ द्या, सगळी कडवी.

सत्कारांबद्दल. माणसांचे आभार मानूच नयेत असं मी म्हणत नाही. ज्यांच्या हातून देवानं दिलं त्यांना विसरणंही कृतघ्नपणाच. ते उपासनेच्या बाहेर ठेवा, एवढंच सांगतो. शेवटचा आशीर्वाद झाला, लोक मांडवात आले, की तिथं पंधरा मिनिटं. एकाच माणसानं सगळी नावं वाचावी, सगळ्यांना एकदाच टाळ्या. सोलापुरी चादर द्यायची असेल तर गवंडी, बिगारी, सुतार, फरशीवाले, रंगारी यांना द्या. त्यांना कुटुंबासह बोलवा आणि पहिल्या पंगतीला बसवा. ज्यानं तुमच्या वेदीमागची भिंत ओळंबा धरून सरळ आणली, तो गवंडी कोणत्या धर्माचा आहे हे विचारायचं कारण नाही. लोकप्रतिनिधी आले तर सन्मानानं बसवा, दोन शब्द मांडवात बोलू द्या, व्यासपीठावरून नको.

नावाच्या पाट्या: पंख्यावर, बाकावर, खिडकीवर दात्याचं नाव नको, हे माझं स्पष्ट मत. दहा वर्षांनी बाक मोडला की भांडण होतं. त्याहीपेक्षा, महिना पन्नास रुपये नऊ वर्षं देणाऱ्या बाईची पाटी कशावर लावणार? कोनशिलेवर देवाच्या गौरवार्थ, एक वचन आणि तारीख, पुरे. सगळ्या दात्यांची नावं रकमेशिवाय एका वहीत लिहा आणि ती वही वेदीवर ठेवून प्रार्थना करा.

कर्ज लपवू नका. किती उरलंय ते त्या दिवशी फळ्यावर लिहा आणि प्रार्थनेतही सांगा. कर्ज असताना समर्पण करू नये असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. उपकार फेडून झाल्यावर मानायचे नसतात. मात्र त्या दिवशी व्यासपीठावरून वर्गणीचं आवाहन करू नका. लोकांना एक दिवस नुसतं देवाचं घेतलेलं आठवू द्या.

शेजाऱ्यांचंही राहायला नको. नऊ वर्षं त्यांनी वाळू, धूळ, सळया तोडायचा आवाज सोसला. शलमोन त्याच प्रार्थनेत परक्या माणसासाठी मागतो: तोही इथं येऊन प्रार्थना करील तर तू स्वर्गातून ऐक. समर्पणाच्या आठवडाभर आधी गल्लीतल्या प्रत्येक घरी जा, जेवणाचं आमंत्रण द्या, लाऊडस्पीकर किती वाजेपर्यंत असेल ते सांगा. त्या गल्लीत मुलांना अभ्यासाला जागा नाही, असं तुम्हीच मागे म्हणाला होतात. मंदिराला जोडून जी खोली काढली आहे ती परीक्षेच्या महिन्यांत संध्याकाळी उघडी ठेवता येईल का, ते पंचांत मांडा. दिवे आणि पाणी असलेली खोली, कोणाच्याही मुलांसाठी. देवाला आपल्या उपकारफेडीची गरज नाही, शेजाऱ्याला आहे.

राहिला दाराचा प्रश्न. आमदारांच्या हस्ते की बिशपांच्या हस्ते, असा वाद आहे म्हणता. विधी बिशपांनी किंवा पाळकांनी करावा, ते ठीक. पण कुलपाची किल्ली मी त्या दिवंगत वडीलधाऱ्यांच्या पत्नीच्या हातात देईन, आणि त्यांच्याबरोबर जुन्या हॉलमध्ये सर्वांत शेवटी बाप्तिस्मा झालेलं ते लेकरू, आईच्या कडेवर. हे पत्रिकेत छापायच्या आधी त्यांना विचारा. फोनवर नको, तुम्ही स्वतः जा, आणि एकट्याच जा. त्या नाही म्हणाल्या तर आग्रह करू नका, किल्ली त्या लेकराच्या आईकडे द्या आणि त्यांच्यासाठी दाराजवळची खुर्ची मोकळी ठेवा.